न पुसलेलं नाणं

चष्मेवाला कुठलीही वस्तू कडेनं धरायचा. भिंग कडेनं, ताटली कडेनं, फोटो कडेनं. लेक झाली तेव्हा दवाखान्यातल्या नर्सनं तिला त्याच्या हातात दिलं, तर तिलाही त्यानं दोन्ही बाजूंनी बोटांची टोकं लावून धरलं. नर्स म्हणाली, "अहो, माणूस आहे ते, काच नव्हे. छातीशी धरा." त्यानं धरलं छातीशी, पण आधी शर्टाचा खिसा पुसून घेतला.

त्याचं दुकान म्हणजे एका जुन्या इमारतीच्या जिन्याखालचा त्रिकोण. एका टोकाला माणूस उभा राहू शकायचा, मधे वाकायचा, आणि पलीकडच्या टोकाला फक्त स्क्रूच्या डब्या राहायच्या. वरून कुणी जिना चढलं की धूळ पडायची, पायरीपायरीनं, भुरभुर. चष्मेवाला मान वर न करता फडकं उचलायचा आणि समोरची काच पुसायचा. कोपऱ्यात भिंगाच्या कडा घासायचं चाक होतं, त्यावर डब्यातून पाणी ठिबकत असायचं. चाक फिरू लागलं की ओल्या दगडाचा वास सुटायचा आणि भर दुपारी त्या जिन्याखाली कुठल्यातरी झऱ्याकाठी बसल्यासारखं वाटायचं.

अक्षरांचा तक्ता आत मावायचा नाही. तो गल्लीपलीकडे, शिंप्याच्या दुकानाच्या भिंतीवर टांगलेला होता. गिऱ्हाईक या बाजूला स्टुलावर, अक्षरं त्या बाजूला, आणि मधून सगळी रहदारी.

"खालची ओळ वाचा."

"हातगाडी दिसतेय."

"जाऊ द्या तिला. आपल्याला कुठं गाडी पकडायचीय."

अशा रीतीनं त्यानं अर्ध्या गावाला नजर दिली.

लेकीला तो बाहुली म्हणायचा. डोळ्यातल्या काळ्या ठिपक्यालाही बाहुलीच म्हणतात, आणि याचा सगळा दिवस लोकांच्या बाहुल्यांत डोकावण्यात जायचा. तेव्हा त्याला दुसरं नाव सुचलं असतं तरच नवल. ती जन्मली त्याच दिवशी दवाखान्यातून घरी येताना बँकेच्या काचेत त्याला एक उघडी पेटी दिसली होती. आत नाणी. तो थांबला तो थांबलाच.

रोजच्या खर्चाची नाणी टांकसाळीत पडतात ती पोत्यातून धान्य ओतावं तशी, एकमेकांवर आदळत. ही तशी नव्हती. यांचा साचा घासून आरशासारखा करतात, कोरी चकतीही तशीच घासतात, आणि ठसा एकदा मारून पुन्हा एकदा मारतात. मग नाण्याची मोकळी जागा काळ्या पाण्यासारखी होते आणि चित्र तेवढं तिच्यावर धुक्यासारखं पांढुरकं उठतं. प्रूफ संच म्हणतात त्याला. खर्चायला नसतो तो, बघायला असतो. मखमलीच्या खाचांत एकेक नाणं, वर पारदर्शक झाकण, बाहेर पुठ्ठ्याची पेटी आणि पेटीला सील. दरवर्षी नवा संच निघतो, आणि त्यातल्या सगळ्यात मोठ्या नाण्यावर दरवर्षी नवं चित्र असतं. त्या वर्षी उडता पक्षी होता.

"जपून ठेवा," बँकेतला माणूस म्हणाला. "पोरगी मोठी होईस्तोवर किंमत येईल."

चष्मेवाल्यानं पाळण्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे तिथं मोजले. बाहुलीची आई पुढं जन्मभर ही गोष्ट येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिली. "पोर फ्रेमांच्या खोक्यात झोपली माझी. पण बापानं चांदण्यासारखी नाणी आणली हो. चांदण्यात झोपवा म्हणाले असते तरी आश्चर्य वाटलं नसतं मला."

त्यानंतर दर वाढदिवसाला एक संच आला. आणि जपून ठेवायचं म्हणजे काय, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. जपणं हाच त्याचा धंदा होता.

वाढदिवसाच्या दुपारी तो दुकान बंद करून घरी यायचा. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन पलंगावर आलं की पांढरी चादर अंथरायचा, हात धुवायचा, कोरडे करायचा, आणि कपाटातून सगळ्या पेट्या काढायचा. नव्या पेटीचं सील तो बाहुलीला फोडायला द्यायचा. मग एकेक नाणं कडेनं उचलून त्यावर हलकेच वाफ सोडायचा. वाफ पसरायची आणि पक्षी धुक्यात बुडायचा. मग खिशातलं फडकं बाहेर यायचं. ते फडकं इतक्या वेळा धुतलेलं होतं की आपण कधी कापड होतो हेच ते विसरलं असावं. फडकं गोल फिरायचं, अगदी हलक्या हातानं, आणि पक्षी पुन्हा पाण्यावर यायचा.

"बाबा, तो श्वास घेतोय."

"हळू बोल. उडेल."

सगळी नाणी पुसून झाली की चादरीवर ओळीनं मांडली जायची. बाहुली पालथी पडून प्रत्येकात डोकावायची. तिला वाटायचं, दर नाण्याच्या खाली एक खोली आहे, त्या खोलीतही असाच पलंग आहे, आणि त्यावर पडून कुणीतरी वर बघतंय. लहान होती तेव्हा मोठ्या नाण्यात तिचा अख्खा चेहरा मावायचा. मग गाल मावेनात. मग कपाळ बाहेर गेलं. ती चष्म्याच्या काचा बसवायला शिकली, त्या वर्षी नाण्यात फक्त एक डोळा मावला, आणि त्या डोळ्यात नाणं होतं.

आई दारातून म्हणायची, "झाली का बापलेकीची आंघोळ? नाणी स्वच्छ झाली असतील तर घरातली भांडीही पडलीत."

तिनं स्वतः कधी त्या नाण्यांत बघितलं नाही. पाळण्याचा राग असावा.

एक वर्ष मात्र तसं गेलं नाही.

बाहुली तेव्हा वीसेक वर्षांची होती. दूरच्या शहरात चष्म्यांचं मोठं दुकान निघालं होतं, तिथं तिला नोकरी मिळत होती. बाप म्हणाला, "तिथं काचा मशीन कापतं. मशीनला बोटं असतात का?" लेक म्हणाली, "बोटं नसतील, पण मशीन ताठ उभं राहतं बाबा. तुम्हाला जिन्याखाली वाकून वाकून सरळ उभं राहायचं कसं तेच विसरायला झालंय."

चष्मेवाला भिंग पुसत राहिला, पुसून झालेलंच.

ती गेली. त्या वर्षाचा संच आला तसा त्यानं कपाटाच्या तळाशी सरकवला. चादर अंथरली नाही. वर्षभरानं बाहुली परत आली. मोठ्या दुकानात काचा खरंच मशीन कापायचं, हिनं गिऱ्हाईकाकडे बघून नुसतं हसायचं. "गाल दुखायला लागले माझे," एवढंच तिनं सांगितलं, आणि दुसऱ्या दिवसापासून जिन्याच्या बाहेर स्टूल टाकून बापाजवळ कामाला बसली. वाढदिवस पुन्हा सुरू झाले, पण तळातल्या त्या पेटीवरून दोघांचे हात नुसते पुढं जायचे. ती उघडायची तर आधी त्या वर्षाबद्दल बोलायला लागलं असतं.

मग शिंप्यानं दुकान सोडायचं ठरवलं.

तो मुलाकडे राहायला जाणार होता. त्याची खोली लांबट होती. इतकी लांब, की अक्षरांचा तक्ता आतल्या भिंतीला लावला तर दारापाशी बसलेल्या माणसाला तो बरोबर तेवढ्या अंतरावर दिसेल, जेवढा दिसायला हवा. बाहुलीनं पावलं टाकून बघितलं आणि भिंतीला हात लावून उभी राहिली. तिथं ताठ उभं राहता येत होतं.

"तुलाच देतो," शिंपी म्हणाला. "तुझ्या बापाचा तक्ता इतकी वर्षं माझ्या भिंतीवर आहे, मला तो पाठ झालाय. पण महिनाअखेरीला डिपॉझिट लागेल. तो मोबाईलवाला या खोलीसाठी रोज चहा पाजतोय मला. माझं पोटही आता त्याच्या बाजूला झालंय."

चष्मेवाल्यानं लेकीकडे बघितलं. किती वर्षांत त्याच्या चेहऱ्यावर असं ऊन आलं नव्हतं. "नाणी आहेत की तुझी," तो म्हणाला. "आणखी कशासाठी ठेवलीत?"

शनिवारी बापलेक शहरात गेली. पेट्या भरल्या त्या आईनं. एका पिशवीत मावल्या नाहीत म्हणून दोन पिशव्या केल्या, मधे टॉवेल घातले.

नाणेवाल्याचं दुकान एका बोळात होतं, आतून थंड आणि अर्धवट अंधारं. मोठ्या घड्याळाच्या आत शिरल्यासारखं वाटावं इतकं शांत. टेबलावर वाकड्या मानेचा दिवा. नाणेवाला वयस्क होता, बोटं गोरी आणि सावकाश. त्यानं पहिली पेटी उघडली, नाणं दिव्याखाली धरलं आणि ते सरळ न बघता तिरकं केलं. मग दुसरं तिरकं केलं. मग पुढची पेटी घेतली.

चष्मेवाल्याचं लक्ष नाण्यांकडे नव्हतंच. तो नाणेवाल्याच्या नाकाकडे बघत होता.

"रागावू नका," शेवटी त्याच्यानं राहवेना. "तुमचा चष्मा डावीकडे उतरलाय. मान दुखत असेल संध्याकाळी."

"दुखते."

"द्या इकडे."

त्यानं चष्मा घेतला, काडी दोन बोटांत धरून किंचित वाकवली, तोंडासमोर धरून वाफ सोडली आणि खिशातलं फडकं काढलं. काचा पुसल्या आणि परत देताना अभिमानानं म्हणाला, "हे फडकं साधं नाही. सगळी नाणी मी यानंच पुसतो. दरवर्षी. एका नाण्यावर तुम्हाला बोटाचा ठसा सापडायचा नाही."

नाणेवाल्यानं चष्मा चढवला. आता तो सरळ बसला होता. त्यातून त्यानं आधी फडक्याकडे बघितलं, मग चष्मेवाल्याकडे.

"वाफही सोडता?"

"त्याशिवाय निघत नाही."

"हो," नाणेवाला हळूच म्हणाला. "त्याशिवाय निघत नाही."

त्यानं उडत्या पक्ष्याचं नाणं दिव्याखाली ठेवलं आणि भिंग बाहुलीच्या हातात दिलं. "ताई, तुम्ही बघा. सरळ नको, तिरकं."

बाहुलीनं बघितलं. काळ्या पाण्यावर बारीक बारीक रेघा होत्या, गोल, एकात एक, तळ्यात खडा टाकल्यावर उठतात तशा. तिला त्या ओळखीच्या वाटल्या. फडकं तसंच फिरायचं. एक रेघ तिच्या पाचव्या वर्षाची असेल, एक दहाव्या. तिनं भिंग खाली ठेवलं नाही, कारण ठेवलं असतं तर बापाकडे बघावं लागलं असतं.

"काच कडक असते काका," नाणेवाला चष्मेवाल्याला म्हणाला. "पुसली तर सहन करते. हा आरसा कोवळा असतो. कितीही मऊ कापड असू द्या, एकदा फिरलं की रेघ उठते, आणि वाफेचे डाग पडतात ते वेगळेच. घेणारा माणूस पहिली ती रेघच बघतो. याला हात लावायचाच नसतो. धूळ पडली तरी पडू द्यायची."

"पडू द्यायची?" चष्मेवाल्यानं विचारलं. जिन्याखाली आयुष्य काढलेल्या माणसाला ते समजेना.

"पडू द्यायची. आणि खरं सांगू का, न पुसता आणली असती तरी फार मिळालं नसतं. लोकांना वाटतं, जपलं की किंमत येते. पण ही सगळ्यांनीच जपली. सगळ्यांच्या कपाटात आहेत. अर्ध्या लोकांनी खर्चून टाकली असती, तर उरलेल्यांना मोल आलं असतं. माझ्याकडे आठवड्याला एक तरी बाप येतो अशी पिशवी घेऊन. मला काय हौस आहे तोंड पाडायची?"

चष्मेवाला फडक्याची घडी घालत होता. चौकोनी, मग त्याहून लहान, मग त्याहून लहान.

"मीच केलं हे," तो म्हणाला.

"दोघांनी केलं," बाहुली म्हणाली. "पुढं पुढं मोठी नाणी मी पुसायचे."

ती पेट्या भरू लागली. दुसऱ्या पिशवीच्या तळाशी टॉवेलखाली आणखी एक पेटी निघाली. सील लागलेली. चष्मेवाला चमकला. "ही कुणी घातली? ही नव्हती आणायची."

"आईनं घातली. मी विचारलं तिला. म्हणाली, त्या वर्षानं काय घोडं मारलंय."

नाणेवाल्यानं पेटीवरचं साल वाचलं आणि उठला. कपाटातून पांढरे हातमोजे काढून चढवले. इतक्या वेळात त्यानं ते पहिल्यांदाच घातले होते. सीलच्या चारी बाजू त्यानं भिंगाखाली बघितल्या.

"त्या वर्षी टांकसाळीत यंत्रं बदलत होते," तो म्हणाला. "संच निघाले ते थोडेच, आणि काम थांबलं. लोक मला या सालाबद्दल विचारतात, मी नाही म्हणून सांगतो. हा तुम्ही उघडला नाही कधी?"

"त्या वर्षी मी घरी नव्हते," बाहुली म्हणाली.

"बरं झालं."

"बरं नाही झालं," चष्मेवाला म्हणाला.

मग नाणेवाल्यानं आकडा सांगितला. शिंप्याच्या डिपॉझिटला थोडेसेच कमी पडत होते, आणि थोडेसे कुठूनही उभे राहिले असते. पण चष्मेवाल्यानं पेटी जवळ ओढली होती. तिच्या सीलवर त्याचा अंगठा होता.

"एकदा बघू आपण," तो लेकीला म्हणाला. "आत काय आहे ते तरी. मग विकू."

"उघडलीत तर ही बाकीच्यांतली एक होईल," नाणेवाला म्हणाला. "माल तुमचा आहे, मी अडवणार नाही."

"इतकी वर्षं मला वाटत होतं, कधीतरी हिच्याबरोबर उघडीन," चष्मेवाला म्हणाला. कुणाला म्हणाला ते कळलं नाही. "मी त्या दिवशी चादर काढली होती. अंथरली नाही."

बाहुलीनं त्याचा अंगठा सीलवरून उचलला. कडेनं धरून, दोन बोटांत.

"मी तिथं हसून हसून थकले ना, तेव्हा माझ्या वाढदिवशी दुकानातल्या एका चष्म्यावर वाफ सोडली होती," ती म्हणाली. "मालक ओरडला. म्हणाला, इथं फवारा वापरतात. बाबा, विका. तक्ता आत टांगू. हातगाडी मधे येणार नाही."

चष्मेवाल्यानं नाणेवाल्याला विचारलं, "चित्र काय आहे हो यावर?"

"होडी."

"रिकामी?"

नाणेवाल्यानं डोळे मिटले. "नाही. एक माणूस आहे आत. वल्ही उचलून बसलाय, पाण्याबाहेर. थांबलाय म्हणा, किंवा पोचलाय म्हणा. आणि सगळीकडे पाणी, इतकं गुळगुळीत, की होडीखाली उलटी होडी दिसते असं वाटतं."

चष्मेवाल्यानंही डोळे मिटले होते. बाहुलीला वाटलं, बाप आता त्या पाण्यावर वाफ सोडणार. त्यानं नुसता श्वास सोडला आणि पेटी कडेनं पुढं सरकवली.

शिंप्याची खोली मिळाली. मोबाईलवाल्यानं चहा बंद केला, तर शिंपी म्हणाला, "बरं झालं, पित्त कमी झालं." तक्ता आतल्या भिंतीला लागला. पहिले काही दिवस चष्मेवाला दाराशी येऊन सवयीनं वाकायचा, मग आठवण होऊन हळूहळू सरळ व्हायचा, एखादं दुमडलेलं कापड उलगडावं तसा. पुसलेल्या संचांना बाहुलीनं काउंटरच्या काचेखाली जागा दिली. चष्मा लावून बघायला आलेली पोरं आरसा सोडून त्या नाण्यांतच तोंड बघायची. नाणेवाला एकदा मान दाखवायला आला, काउंटरवर वाकला आणि म्हणाला, "दुकानात ठेवायला नाण्यांना याहून वाईट जागा नाही. ऊन येतंय सरळ." पण जाताना त्यानं एका नाण्यात भांग सारखा केला.

तो माणूस होडीत बसून चष्मेवाल्याच्या झोपेतही यायला लागला. कधी वल्ही वर धरलेली, कधी खाली ठेवलेली. चष्मेवाला सकाळी ते सांगायचा, आणि बाहुलीची आई म्हणायची, "त्याला म्हणावं किनाऱ्याला ये, दळण आणायचंय."

बाहुलीचा वाढदिवस आला. नवा संच आला. दुपारी दुकान बंद करून तिघं आतल्या बाजूला बसली, कारण ऊन आता तिथं यायचं. चष्मेवाल्यानं पेटी काउंटरवर ठेवली आणि हात मागं घेतले.

"तू ठरव," तो म्हणाला. "नाही उघडली तर पुढंमागं उपयोगी पडेल."

बाहुलीनं नखानं सील फोडलं.

"दोघंही कामातून गेलात," आई म्हणाली. मग जवळ सरकली. "मला दाखवा तरी. इतकी वर्षं काय बघता त्यात."

चष्मेवाल्यानं मोठं नाणं कडेनं उचलून तिच्यापुढं धरलं. या वर्षी झाड होतं, धुक्यातलं. आईनं ते झपकन पूर्ण मुठीत घेतलं, भाजी निवडताना घ्यावी तसं, आणि अंगठा बरोबर आरशाच्या मध्यावर टेकवला. बापलेकीनं एकाच वेळी श्वास रोखला. आईला त्याचं काही नव्हतं. ती नाणं डोळ्याशी नेऊन बघत होती, एकदा दूर, एकदा जवळ.

"केस किती पिकलेत माझे," ती म्हणाली. "झाड छान आहे."

तिनं नाणं परत दिलं. अंगठ्याचा ठसा झाडाशेजारी उठला होता, रेघांत रेघा, पाण्यावर उतरलेल्या संध्याकाळसारखा. बाहुलीनं फडकं पुढं केलं.

चष्मेवाल्यानं ते घेतलं. ठशाकडे बघितलं, बराच वेळ. मग फडकं घडी करून खिशात ठेवलं आणि नाणं तसंच मखमलीच्या खाचेत बसवलं.